जुने नाशिक सोडून शांत वस्तीत जाताना

चौक मंडई, कथडा, कोकणीपुरा, बागवानपुरा, जोगवाडा, नानावली. जुन्या नाशकातल्या या मोहल्ल्यांतून अलीकडे एक विषय रात्रीच्या जेवणाला हमखास निघतो. मुले मोठी झाली, खोल्या मात्र दोनच. दहावीच्या मुलीला अभ्यासाला कोपरा नाही, गाडी लावायला जागा नाही, गल्लीतला आवाज रात्री बारापर्यंत थांबत नाही. सून म्हणते, इंदिरानगरला किंवा पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट बघूया. मुलाला गंगापूर रोड आवडतो, पण तिथला भाव ऐकून तो गप्प बसतो. आणि सासूबाई विचारतात, "तिथं अजान ऐकू येईल का? मला कुणी भेटायला येईल का?"

तिघांचेही बरोबर असते. म्हणूनच हा निर्णय अवघड आहे.

मोहल्ल्याने काय दिले, ते आधी मोजा

नाशिकचे एके काळचे नाव गुलशनाबाद. त्या काळापासूनची वस्ती ज्या भागात आहे, तिथे शेजार हा आयता मिळतो. रात्री दोन वाजता कुणाची तब्येत बिघडली तर रिक्षा शोधावी लागत नाही. गल्लीतली चार पोरे उचलून कथड्याच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात नेतात. जनाजा निघायचा असेल तर निरोप द्यावा लागत नाही. रमजानमध्ये मुलांना रोजाची सवय लावावी लागत नाही, ती आपोआप लागते. मुलांना नॅशनल उर्दू हायस्कूलला आणि छोट्यांना मकतबला चालत जाता येते. बड्या दर्ग्याचा उरूस घरासमोरून जातो.

या गोष्टींचे भाडे कुणी घेत नाही, म्हणून त्यांची किंमत कळत नाही. घर बदलले की पहिल्या महिन्यातच कळते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुन्या नाशकातले कितीतरी वाडे मोडकळीस आले आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना आणि काझी गढीच्या कडेला राहणाऱ्यांना नोटिसा देते. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरात गोदाकाठच्या पेठांत पाणी शिरले ते सर्वांनी पाहिले आहे. ज्या घराची भिंत ओली आहे आणि जिना हलतो, तिथे आठवणींसाठी लेकरांना ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

शांतता दोन प्रकारची असते

नवी वस्ती बघायला आपण बहुतेक रविवारी दुपारी जातो. रस्ता रुंद, झाडे, गाड्या रांगेत, कुठे आवाज नाही. मन लगेच हरखते. पण ही शांतता कशामुळे आहे, ते विचारले पाहिजे.

एक शांतता असते ती नांदत्या वस्तीची. लोक वीस वर्षे राहिलेले असतात, एकमेकांना नावाने ओळखतात, संध्याकाळी बाकावर आजी-आजोबा बसलेले असतात. दुसरी शांतता रिकाम्या वस्तीची. निम्मे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले, खिडक्या बंद, जिन्यात दिवा नाही, वॉचमनही रात्री गायब. नवरा अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला गेला की अशा इमारतीत बायको आणि मुले एकटी पडतात.

फरक ओळखायचा साधा उपाय म्हणजे रात्री आठ वाजता जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजणे. पहाटे फजरच्या सुमारास एक चक्कर मारा, शाळा सुटायच्या वेळी दुसरी. एक फेरी भर पावसात करा. नासर्डी, म्हणजे आताची नंदिनी, आणि वालदेवी या नद्यांच्या जवळची जागा असेल तर पूररेषा कुठून जाते ते महापालिकेत विचारून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये तिथे पाण्याचे टँकर येतात का, हे बिल्डरला नव्हे, शेजारच्या इमारतीतल्या बाईंना विचारा. गंगापूर धरणाचे पाणी नळाला रोज येते की इमारत बोअरवर चालते, हे त्या दोन वाक्यांत सांगतील.

घरातल्या प्रत्येकाचा दिवस मांडून पाहा

घर घेताना हप्त्याचा हिशेब सगळे करतात. दिवसाचा हिशेब फार थोडे करतात. कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस नव्या पत्त्यावरून लिहून काढा.

कमावता माणूस कामावर कसा जाईल? दुकान दूध बाजारात असेल तर द्वारका चौकातली गर्दी दोन वेळा पार करावी लागेल. मुलांची शाळा बदलणार की व्हॅन लावणार? जवळची मस्जिद किती लांब. जुमा सोडा, इशाला पायी जाता येईल का? घरातल्या बाईला गाडी चालवता येते का? 2021 पासून सिटीलिंकच्या बस सुरू झाल्या आहेत. त्या वस्तीत थांबा कुठे आणि शेवटची बस किती वाजता, हे बघून ठेवा. वडाळा गाव आणि अशोका मार्गाच्या बाजूला आपली वस्ती बरीच असल्याने इंदिरानगरचा काही भाग अनेकांना मधला मार्ग वाटतो. निवांत घरही मिळते आणि मस्जिदही हाताशी राहते.

सर्वांत शेवटी लिहिला जातो तो दादी-नानीचा दिवस. खरे तर तो पहिला लिहायला हवा. मुलगा कामावर, सून शाळेत, नातवंडे क्लासला. अकरा ते पाच या वेळेत तिच्याशी कोण बोलणार? मोहल्ल्यात ती दारात बसली की दिवस सरतो. पाचव्या मजल्यावर दार बंद असते. तिची सोय बघितल्याशिवाय सामान हलवू नका. आठवड्यातून दोन दिवस जुन्या घरी, बहिणीकडे किंवा मुलीकडे नेण्याचा वार ठरवून टाका.

"तुम्हाला देता येणार नाही"

हा अनुभव लपवण्यासारखा नाही. फोनवर सगळे ठरते, नाव सांगितले की फ्लॅट "कालच गेला" असतो. मुसलमानांना अनेक ठिकाणी घर भाड्याने किंवा विकत मिळताना अडचण येते, याची नोंद सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही आहे.

कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार पुरेशा कारणाशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही; नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. मात्र 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी मान्य केला. म्हणून जुन्या सोसायटीत घर घेण्याआधी तिचे उपविधी वाचायला मागा. बयाणा त्यानंतर द्या.

आणि हक्क असला तरी रोजचे राहणे हक्कावर होत नाही, ओळखीवर होते. ज्या इमारतीत आधीच दोन-चार समाजांची कुटुंबे मिळून राहतात, तिथे नव्या माणसाला सोपे जाते. बकरी ईदला काय रीत आहे, गणपतीची वर्गणी कशी असते, पार्किंगवरून भांडणे होतात का, हे सचिवांना मोकळेपणाने विचारा. बरीच कुटुंबे कुर्बानी मोहल्ल्यातल्या नातेवाइकांकडे करतात आणि शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा पाठवतात. ईदगाह मैदानावरून परतल्यावर पहिला डबा समोरच्या दारात गेला की वर्षभराचे बोलणे सुरू होते.

कागद आणि पैसा

नवी इमारत असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. जुनी सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजेच कन्व्हेयन्स झाले आहे का, ते विचारा. शहराच्या कडेला "एक-दोन गुंठे स्वस्तात" असे कुणी सांगितले तर सातबारा आणि बिगरशेती आदेश वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शेजारच्या मोकळ्या जागेवर विकास आराखड्यात काय दाखवले आहे, तेही पाहा. आजचा निवांत रस्ता उद्या मोठा हमरस्ता होऊ शकतो.

घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पैसे वाचतात आणि घरातल्या बाईच्या नावावर छप्पर होते, दोन्ही चांगलेच.

शक्य असेल तर आधी त्याच वस्तीत भाड्याने राहून पाहा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. अकरा महिन्यांत एक रमजान, एक ईद, एक पावसाळा आणि एक उन्हाळा निघून जातो. त्या वस्तीचे स्वभाव कळायला एवढे पुरेसे आहे. तोवर जुने घर विकू नका, कुलूप लावून ठेवा किंवा भावाला वापरायला द्या.

शेजारी होण्याची तयारी

अरबीत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की घर शोधण्याआधी शेजारी शोधा. सूरह निसामध्ये आई-वडील आणि नातेवाइकांबरोबरच जवळच्या आणि परक्या, दोन्ही शेजाऱ्यांशी चांगले वागायला सांगितले आहे. दोन शेजाऱ्यांपैकी भेट आधी कुणाला पाठवावी, असे हजरत आयेशा यांनी विचारले, तेव्हा ज्याचे दार जवळ आहे त्याला, असे उत्तर मिळाले. त्या दारामागचा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हा प्रश्न तिथे नाही.

तेव्हा शांत वस्ती योग्य की अयोग्य, हे ठरवताना आणखी एक प्रश्न आपल्याला स्वतःला विचारावा लागेल. तिथे आपण फक्त झोपायला जाणार आहोत, की राहायला? सोसायटीच्या सभेला जायची, समोरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायची, आपल्या मुलांना त्यांच्या मुलांबरोबर खेळू द्यायची तयारी असेल, तर गंगापूर रोड काय किंवा पाथर्डी फाटा काय, वर्षभरात तोही मोहल्लाच होतो. ती तयारी नसेल, तर जुन्या गल्लीतच वाडा नीट बांधून घेणे किंवा दोन गल्ल्या पलीकडे मोठी जागा पाहणे अधिक बरे.

निर्णय जो होईल तो घरातल्या सगळ्यांना बसवून, मुलींना आणि म्हाताऱ्यांनाही विचारून घ्या. हप्ता एक जण भरतो, पण त्या घरात राहायचे सगळ्यांना असते.