चेन्नईस केव्हां जावें ?

माझे एक स्नेही दिवाळीच्या सुटींत आपल्या मातोश्रींना घेऊन चेन्नईस जाण्याच्या बेतांत होते. मातोश्रींचें वय ७८. तरुणपणीं त्या वीणा शिकल्या होत्या, आणि कर्नाटक संगीताची एक तरी बैठक तेथल्याच सभागृहांत बसून ऐकावी, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. स्नेह्यांनीं मला सहज विचारलें, "तोंपर्यंत पाऊस संपलेला असतो, उन्हाळा तर दूरच, वेळ बरी आहे ना?" मीं त्यांना तिकिटें काढूं नका म्हणून सांगितलें. त्याचें कारण आज आपणांपुढें मांडतों; कारण निराळ्या महिन्यांत कां होईना, हीच चूक मीं स्वतः केलेली आहे.

आपल्या मनांतलें ऋतूंचें पंचांग हें सह्याद्रीच्या या बाजूचें पंचांग होय. मृगाला पाऊस यावयाचा, हस्तानंतर तो सरावयाचा, आणि दिवाळीला आकाश मोकळें व्हावयाचें. चेन्नई, म्हणजे १९९६ सालापर्यंतचें मद्रास, हेंही मुंबईसारखें समुद्रकांठचें आणि उष्ण शहर. पण तेथें समुद्र पूर्वेला आहे, आणि एवढ्या एका गोष्टीनें पुष्कळसें उलटें होतें.

जून महिन्यांत वारा नैर्ऋत्येकडून येतो. अरबी समुद्रावरून आणलेलें बाष्प तो कोंकणावर आणि घाटमाथ्यावर रितें करतो, आणि पलीकडे पोंचेपर्यंत बराचसा कोरडा होतो. त्या चार महिन्यांत चेन्नईला पाऊस मुळींच पडत नाहीं असें नाहीं. संध्याकाळच्या गडगडाटी सरी येतात आणि जातात. परंतु ऑक्टोबरच्या सुमारास वारा फिरतो, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून वाहूं लागतो, आणि तमिळ किनाऱ्याचा खरा पावसाळा तेव्हां बसतो. शहरांत वर्षाला सरासरी सुमारें १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांतला निम्म्याहून बराच अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. सर्वांत ओला महिना नोव्हेंबर. म्हणजे आपण छत्री माळ्यावर टाकून आकाशकंदील खालीं काढतों, त्याच दिवसांत चेन्नईकर छत्री शोधीत असतो.

शिवाय हा पाऊस आपल्या आषाढासारखा संततधार नव्हे. आठवडाभर ऊन पडतें, मग उपसागरांत कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो, आणि महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. १ डिसेंबर २०१५ रोजीं असेंच झालें. अड्यार नदी फुगून वस्त्यांत शिरली, विमानतळ कांहीं दिवस बंद पडला, शेंकडों माणसें दगावलीं. १२ डिसेंबर २०१६ रोजीं 'वरदा' चक्रीवादळानें शहरांतले हजारों वृक्ष उन्मळून टाकले. २०२३ च्या डिसेंबरांत 'मिचौंग'नें पुन्हां रस्ते पाण्याखालीं नेले. प्रवाशाला नकोसा वाटणारा हा पाऊस शहराला मात्र जीव कीं प्राण आहे. २०१८ सालीं तो अपुरा पडला, आणि पुढच्या उन्हाळ्यांत चेन्नईचे तलाव तळाला जाऊन पिण्याचें पाणी आगगाडीनें आणावें लागलें. तेव्हां त्याला शिव्या देऊं नयेत. आपणच थोडें मागाहून जावें.

आतां माझी चूक. मी माझ्या आईला मे महिन्यांत घेऊन गेलों होतों. मुलांच्या सुट्या तेव्हांच असतात. आणि मुंबईचा मे सोसणाऱ्याला चेन्नईचा मे काय कठीण, असा माझा हिशेब. तो साफ चुकला. मुंबईला मे महिन्यांत वारा मुळांतच पश्चिमेचा, म्हणजे समुद्रावरचा. त्यामुळें घाम निथळला तरी पारा फार चढत नाहीं. चेन्नईला त्या दिवसांत पश्चिमेचा वारा येतो तो सगळें तापलेलें पठार ओलांडून. दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा निघतो खरा, पण त्याला या जमिनीवरच्या वाऱ्याशीं झगडावें लागतें. तो बारा वाजेपर्यंत आंत आला तर पारा ३६-३७ अंशांवर थांबतो. रखडला तर चाळिशी ओलांडतो. ३१ मे २००३ रोजीं तो ४५ अंशांपर्यंत गेला होता. मे महिन्यांतल्या या तीनेक आठवड्यांना तेथले लोक 'अग्निनक्षत्र' म्हणतात, यांत अतिशयोक्ति नाहीं.

मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळांत आम्ही सकाळीं अकरा वाजतां पोंचलों. पादत्राणें बाहेर ठेवावयाची, आणि आंतलें अंगण दगडी फरसबंदीचें. आई चार पावलें चालली आणि परत फिरून गोपुराच्या सावलींत टेकली. तिनें तेथूनच हात जोडले. पुन्हां तिला घेऊन जाण्याचा योग आला नाहीं.

मग जावें केव्हां ? डिसेंबरच्या उत्तरार्धांत पाऊस ओसरूं लागतो. वादळाची धास्ती पुरती गेलेली नसते, पण या पंधरवड्याला मोल आहे तें संगीताचें. १९२७ सालीं मद्रासला काँग्रेसचें अधिवेशन भरलें, त्याच्या जोडीला संगीत परिषद झाली, आणि तिच्यांतून १९२८ सालीं म्यूझिक अकॅडमी जन्मास आली. तिच्या वार्षिक महोत्सवाभोंवतीं आज मार्गळि महिन्यांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, अनेक सभांचे जलसे चालतात. सकाळीं सप्रयोग व्याख्यानें, दुपारीं नवोदितांचें गायन, संध्याकाळीं नामवंत. दुपारच्या कित्येक बैठकींना तिकीटही नसतें. सभांच्या उपाहारगृहांसाठींच येणारे कांहीं रसिक आहेत असें म्हणतात, आणि तेथला डोसा खाल्ल्यावर मला तें खोटें वाटत नाहीं.

ज्यांना गाण्याचें एवढें वेड नाहीं त्यांनीं पोंगल उलटूं द्यावा. हा सण आपल्या संक्रांतीलाच येतो. त्या चार दिवसांत गाड्या भरून वाहतात, आणि शेवटच्या, 'काणुम पोंगल'च्या दिवशीं मरीना किनाऱ्यावर मुंगीला वाट मिळत नाहीं. त्यानंतर फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ मला सर्वांत उत्तम वाटतो. पारा दुपारीं तिशीच्या आसपास, पहाटे विशीच्या थोडा वर, आकाश निरभ्र. महाबलिपुरमचीं पल्लवकालीन शिल्पें दुपारींही हिंडून पाहतां येतात. रात्रीं किनाऱ्यावर कासविणी अंडीं घालण्यास येतात. अंडीं वांचविण्यासाठीं गस्त घालणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर पाहुण्यांनाही कधीं कधीं जातां येतें. आणि एक गोष्ट आपण मुंबईकर हमखास विसरतों : तेथें सूर्य समुद्रांत मावळत नाहीं, समुद्रांतून उगवतो. तेव्हां मरीनावर जावयाचें तें पहाटे. पाण्यांत मात्र उतरूं नये. ओढ फार घातक आहे.

स्नेह्यांची अडचण मुलांच्या शाळेची होती. शेवटीं मुलांना आत्याकडे ठेवावयाचें ठरलें, आणि मायलेकांचीं तिकिटें २० डिसेंबरचीं निघालीं. मातोश्रींना मीं दोन वस्तू बरोबर घेण्यास सांगितलें आहे : एक छत्री, आणि एक शाल. शाल कशाला म्हणून त्या हंसल्या. पण तेथलीं सभागृहें वातानुकूलित यंत्रांनीं इतकीं गार करून ठेवतात, कीं तिसऱ्या कीर्तनापर्यंत ती त्या अंगावर घेतीलच.