श्वास चालू, तरी हृदय स्पष्ट

‘श्वास रोखून धरा’ ही सूचना हृदयाचा एमआरआय करताना रुग्णाला वारंवार दिली जाते. निरोगी माणसाला १०-१५ सेकंद श्वास रोखणे अवघड नाही. मात्र हृदय दुर्बल झाल्याने ज्याला धाप लागते, त्याला नेमके हेच जमत नाही. म्हणजे ज्याला या तपासणीची गरज अधिक, त्याचीच प्रतिमा सदोष येण्याचा धोका अधिक.

असे का व्हावे? एमआरआय यंत्र कॅमेऱ्याप्रमाणे क्षणार्धात चित्र टिपत नाही. शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संदेश ओळीओळीने नोंदवले जातात आणि गणिताच्या साह्याने त्यांची प्रतिमा तयार होते. हृदयाच्या ठोक्यांशी ही नोंद ईसीजीच्या आधारे जुळवता येते. श्वासाचा प्रश्न वेगळा आहे. शांत श्वसनातही श्वासपटल सुमारे एक ते दोन सेंटिमीटर खाली-वर होते आणि त्यावर टेकलेले हृदयही सरकते. साहजिकच ओळींचा परस्परांशी मेळ राहत नाही व प्रतिमेवर भुतासारख्या सावल्या उमटतात.

पहिला उपाय वेगाचा. अनेक वेटोळ्यांनी एकाच वेळी संदेश टिपले, तर काही ओळी गाळता येतात. प्रूसमान व सहकाऱ्यांची १९९९ मधील ‘सेन्स’ पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. मात्र प्रत्येक वेटोळे कोठे किती संवेदनशील आहे, याचा नकाशा आधी तयार असावा लागतो. नकाशा एका श्वासस्थितीतला आणि नोंद दुसऱ्या स्थितीतली असेल, तर गाळलेल्या ओळींची भरपाईच चुकते.

दुसरा उपाय पहारेकऱ्याचा. ‘नॅव्हिगेटर’ नावाचा संदेश श्वासपटलावर नजर ठेवतो आणि ते ठरलेल्या, साधारण पाच मिलिमीटरच्या, पट्ट्यात असतानाची नोंदच स्वीकारतो. उरलेली वाया जाते व तपासणी लांबते.

तिसरा मार्ग वर्गवारीचा. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या ‘एक्सडी-ग्रास्प’ पद्धतीत काहीच टाकून दिले जात नाही. मुक्त श्वसनात मिळालेली नोंद श्वासाच्या अवस्थांनुसार वेगवेगळ्या गटांत विभागली जाते. प्रत्येक गट अपुराच असतो; पण शेजारच्या अवस्थांतील साम्याचा आधार घेऊन सर्व प्रतिमा एकत्रितपणे उभ्या केल्या जातात.

अर्थात, साम्यावर अतिरेकी भर दिल्यास बारीक तपशील पुसले जाण्याची भीती असते. तरीही रुग्णाने यंत्रासाठी श्वास रोखण्यापेक्षा यंत्रानेच रुग्णाच्या श्वासाशी जुळवून घ्यावे, ही दिशा धाप लागणाऱ्यांना दिलासा देणारी आहे.