जमवा तर एकदा सायकलींची सहल!

मैत्रिणींनो, सायकल येते ना तुम्हांला? बहुतेकींना येतेच. भावाची नाहीतर काकांची मोठी सायकल काढून, दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत आपण ती शिकलेल्या असतो. मग शाळा संपते, कॉलेज संपतं, लग्न होतं आणि सायकल माहेरच्या जिन्याखाली गंजत पडते. पुढे घरात पुन्हा सायकल येते ती मुलांसाठी. तिच्या ट्यूबमध्ये हवा भरून आणण्यापुरताच आपला तिच्याशी संबंध!

हल्ली मात्र रविवारी सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलींचे घोळके दिसतात. त्यांत बायकाही असतात, आणि सगळ्या काही विशीतल्या नसतात. चाळिशी-पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, अगदी आजी झालेल्याही असतात. नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारी जाते, तिच्यातही बायका असतात. तुम्ही त्या बघता, मनात हळूच येतं, ‘आपल्याला जमेल का?’ आणि लगेच दुसरं मन सांगतं, ‘नको गं बाई, आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा व्हायचा!’

आजचा हा लेख त्या दुसऱ्या मनासाठी आहे. ‘दम लागेल’, ‘गुडघे दुखतील’ या अडचणींना उपाय आहेत, ते पुढे येतीलच. पण ‘मी मागे पडेन’ या एका भीतीपायी कितीतरी जणी घरी राहतात. खरं म्हणजे ही भीती घालवण्याची जबाबदारी मागे पडणारीची नाहीच. ती सहल आखणारीची आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही ठरवा की, सहलीचा वेग सगळ्यांत हळू चालवणारीचा. सहा ते दहाजणी असाव्यात. त्याहून जास्त झाल्या तर दोन तुकड्या कराव्यात. पुढे रस्ता माहीत असलेली एकजण. सगळ्यांत मागे चांगली सराईत बाई, जिला पंक्चर काढता येतं आणि जिच्या पिशवीत पंप, सोल्युशन, ठिगळं आणि एक जादा ट्यूब आहे. ही शेवटची बाई कधीही कुणाला ओलांडून पुढे जायची नाही. ती मागे आहे म्हटल्यावर तिच्या पुढचीला आपण एकट्या राहिलो असं वाटत नाही. वळणावर आपल्या मागची दिसेपर्यंत थांबायचं. एवढं पाळलं तरी चुकामूक होत नाही.

आणि आता बारीकशी पण फार महत्त्वाची गोष्ट. चहाला थांबल्यावर काय होतं बघा. जोरात येणाऱ्या पंधरा मिनिटं आधी पोचतात, चहा पितात, पाय मोकळे करतात. तेवढ्यात मागची धापा टाकत येते. ती आली रे आली की या उठतात, ‘चला, निघू या!’ म्हणजे जिला विश्रांतीची खरी गरज तिलाच ती मिळत नाही. असं दोन-तीनदा झालं की ती बिचारी पुढच्या सहलीला नाव देत नाही, आणि कारण विचाराल तर ‘घरी पाहुणे आहेत’ म्हणून सांगते. तेव्हा विश्रांतीचा वेळ शेवटची पोचली की तिथून मोजायचा. तिचा चहा संपेपर्यंत कुणी हेल्मेट डोक्यावर चढवायचं नाही!

सायकल कोणती, हा प्रश्न पुष्कळजणी आधी विचारतात. गिअरची असली तर चढावर उपयोग होतो, पण घरची साधी सायकलही सपाट रस्त्याला चालते. नवी घेण्याआधी आहे तिची सीट नीट करा. आपल्याकडे बायकांच्या सायकलींच्या सीटा फार खाली ठेवलेल्या असतात, दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून. मग गुडघे दुखतात आणि दोष वयाला जातो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. चालवताना मात्र चवड्यानं दाबायचं, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो. उतरताना सीटवरून पुढे सरकून पाय टेकायचा. दोन दिवसांत सवय होते. ब्रेक, चेन, हवा सायकलवाल्याकडून तपासून घ्या, आणि पंक्चर काढताना जवळ उभं राहून बघा. निवडलेल्या भाजीच्या जुडीपेक्षा ते काम काही अवघड नाही.

दांडीची सायकल की बिनदांडीची? पेहराव आड येत नसेल तर कोणतीही. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची मोठी चळवळ झाली. हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेशा मिळेनात तेव्हा त्या बायकांनी खुशाल पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! (आमच्या आज्या काष्ट्याचं नऊवारी नेसत. सायकल मिळती, तर त्यांनी दांडीचीही चालवली असती.)

कपड्यांचं म्हणाल तर ओढणी घरीच ठेवा. वाऱ्यानं उडून ती चाकात किंवा चेनमध्ये गेली तर मानेला हिसका बसतो. सलवार अरुंद मोहरीची हवी, उजवा पाय चेनकडे म्हणून तिथे रबर लावा. सीटचा त्रास होतो त्यांनी आत मऊ गादी शिवलेली सायकलची पँट घ्यावी. ती अंगाला लागूनच घालायची असते, आत काही घालायचं नाही, नाहीतर शिवण घासते. लाज वाटली तर वरून सैल कुडता आहेच. हेल्मेट मात्र सगळ्यांना, अंबाडा सोडून खाली वेणी घालावी म्हणजे नीट बसतं.

तयारी दीड महिन्याची पुरे. आठवड्यातून तीनदा पहाटे ८-१० किलोमीटर, रविवारी २०, मग २५, मग ३५. सावकाश चालवणारी बाई तासाला १२ ते १५ किलोमीटर सहज जाते. म्हणजे ३५ किलोमीटर हे थांबत-थांबत एका सकाळचं काम झालं.

पहिल्या सहलीसाठी एक वाट सुचवते, रायगड जिल्ह्यातली किनाऱ्याची. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. तिच्यात सायकल घालून तासाभरात पलीकडे. मांडव्याहून चोंढी, अलिबाग, नागाव, चौल करत रेवदंड्याला मुक्काम. सारं मिळून ३५ ते ४० किलोमीटर. नागाव-चौलच्या वाड्यांतून जाताना दोन्ही बाजूंना माड-पोफळी, अंगावर उन्हाचे ठिपके, मधूनच विहिरीवरच्या पंपाचा आवाज. मोटारीतून ही वाट चारदा गेलेल्यांनाही ओल्या पोफळीचा वास ठाऊक नसतो, काचा बंद असतात ना! चौल हे मोठं जुनं बंदर. निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच उतरला. रेवदंडा तर पोर्तुगिजांच्या तटबंदीच्या आतच वसलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. इथली ख्रिस्ती मंडळी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली स्वतःची वेगळी भाषा आजही घरात बोलतात. थांबा, दोन शब्द कानावर पडू द्या. पुढे काशीद, नांदगाव आणि मुरूड. अंतर ३२-३३ किलोमीटरच, पण चढउतार आहेत. चढ आला की उतरून सायकल ढकलायला लाजू नका. एकीनं उतरायचं धैर्य केलं की बाकीच्या चारजणी मनातून आभार मानतात. उताराला दोन्ही ब्रेक मिळून, हलक्या हातानं दाबावेत. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातं. वळणावर वाळू-खडी असेल तर आधीच वेग कमी करावा.

मुरूडहून आगरदांड्याला जाऊन फेरीबोटीनं दिघी आणि तिथून दिवेआगर हा तिसरा दिवस. चौथ्या दिवशी दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीवरून. सबंध वाटेत समुद्र उजव्या हाताला. श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, आणि रोठा सुपारीचंही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली तरी धरायला वर्षं जातात. तेव्हा घरगुती खाणावळीत उतरलात तर घासाघीस करू नका, येताना सुपारी, कोकम, आमसुलं तिथूनच घ्या. फेरीबोटीच्या वेळा मात्र निघण्यापूर्वी विचारून ठेवा. ही वाट नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीत करावी. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं की दुपारचा समुद्रावरचा वारा तोंडावर येत नाही. तरी ऊन आहेच, म्हणून सहाला निघून अकराच्या आत मुक्काम गाठावा.

आता ज्या विषयावर सहलीची पत्रकं कधी बोलत नाहीत तो. लघवीला कुठे जायचं? वाटेत सोय नाही म्हणून कितीतरी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. घरच्या गाडीतून जाताना एक वेळ निभतं, सायकलवर नाही. घामानं अंगातलं पाणी जातं, वर प्यायला नाही, मग डोकं दुखतं, चक्कर येते, आणि घरी परतल्यावर लघवीची जळजळ सुरू होते. म्हणून आखणारीनं नकाशावर आधी या जागा टिपाव्यात: एस.टी. स्टँड, पेट्रोल पंप, उपाहारगृह. तासाला एक तरी हवी. नाहीच तर एखाद्या घरी विचारावं. ओटीवर बसलेल्या आजींना ‘जरा आत जाऊन येऊ का?’ म्हटलं तर बहुधा नाही म्हणत नाहीत. उलट कुठून आलात, नवरा काही बोलत नाही का, अशी चौकशी होते आणि वर सरबत मिळतं. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तासा-दीड तासानं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पाळीची तारीख आली म्हणून सहल चुकवायलाच हवी असं नाही. अंगात बरं वाटत असेल तर जावं, जादा कपडे आणि कागदाची पिशवी जवळ ठेवावी, आणि मागच्या बाईच्या कानावर घालून ठेवावं.

खाणं हलकं पण सारखं. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, दुधातल्या दशम्या. भरपेट जेवून सायकलवर बसू नये.

रस्त्यावर एकामागे एक चालावं. जोडीनं गप्पा मारत जाण्याचा मोह होतो, पण त्या गप्पा मुक्कामावर. मागची ‘गाडी!’ म्हणून ओरडते, पुढची ‘खड्डा!’ म्हणून. लाज बाळगू नका, मोठ्यानं ओरडा. अंधार पडल्यावर चालवायचं नाही. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका. खाली उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरून चालत जा, बहुतेक वेळा त्याचा उत्साह मावळतो. सायकलवर येणारी मुलगी हात करील तर तुम्हीही करा. मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकल मिळालेल्या मुली खेड्यापाड्यांत आहेत. तिच्या सायकलीवर दप्तर असतं, तुमच्या सायकलीवर पिशव्या. दोघींनाही एकमेकींचं कुतूहल वाटतं.

राहिलं घर. ‘चार दिवस कोण बघणार?’ माझं मत विचाराल तर चार दिवसांचा स्वयंपाक करून जाऊ नका. आदल्या दिवशी रात्री अकरापर्यंत पोळ्या लाटून पहाटे सायकलवर बसणारी बाई पहिल्याच चढाला थकते, आणि त्याचं खापर फुटतं सायकलवर. भाजी आणून द्या, किराणा कुठल्या डब्यात ते लिहून ठेवा, पुरे. एखाद्या दिवशी आमटी खारट झाली तर होईना. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मात्र पहिल्यांदा एका दिवसाचीच सहल आखा. अलिबागपर्यंत जाऊन संध्याकाळच्या बोटीनं परत.

परतीसाठी श्रीवर्धनला छोटा टेम्पो बोलवावा, भाडं सगळ्यांनी सारखं वाटून घ्यावं. सायकली उभ्या लावाव्यात, दर दोन सायकलींच्या मध्ये एकेक जुनी गोधडी घालावी, एकीचं पायडल दुसरीच्या तारांत अडकणार नाही अशा बेतानं दोरी आवळावी. टेम्पो गावाहूनच येणार असेल तर गोधड्या त्यातच पाठवायला सांगाव्यात. घरच्यांना तेवढं काम नेमून दिलं की तेही खूश असतात.