जुन्या कारचा आयडल स्पीड आणि ईसीयू ट्यूनिंग

श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील ह्युंदाईच्या कारखान्यात १९९८ मध्ये सँट्रोचे उत्पादन सुरू झाले. तेव्हा छोट्या गाड्यांत कार्ब्युरेटर सर्रास असे; सँट्रोत मात्र मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन होते. कार्ब्युरेटरचा आयडल स्पीड स्क्रू फिरवून लावता येतो. इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडे असते. म्हणून ‘लॅपटॉप जोडा, आकडा बदला’ असे अनेकांना वाटते. हा समज कुठे चुकतो ते पाहू.

आयडल म्हणजे समतोल

ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन जेवढा टॉर्क निर्माण करते, तेवढाच घर्षण, ऑइल पंप, अल्टरनेटर यांत खर्च होतो, तेव्हा वेग स्थिर राहतो. केबलने चालणाऱ्या थ्रॉटलच्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि लागणारी हवा मुख्यतः बायपास मार्गातील आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हमधून जाते. क्रँक सेन्सरवरून ईसीयूला वेग कळतो. कूलंटच्या तापमानानुसार ठरलेल्या लक्ष्य-वेगाशी तो तुलना करतो आणि व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतो.

ईसीयूकडे दुसरे साधन आहे इग्निशन टायमिंग. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ८५० आरपीएमला सेकंदाला सुमारे २८ ठिणग्या पडतात; दोन ठिणग्यांत अंतर साधारण ३५ मिलिसेकंद. वाढवलेली हवा इनटेक मॅनिफोल्ड भरून सिलिंडरपर्यंत पोचायला वेळ लागतो. टायमिंगचा परिणाम मात्र पुढच्याच ठिणगीला दिसतो. म्हणून मोठी दुरुस्ती हवेने आणि झटपट दुरुस्ती टायमिंगने होते.

आधी यंत्र, मग आकडे

थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला, रबरी होज तडकला किंवा कूलंट सेन्सर चुकीचे तापमान दाखवू लागला, तर समतोल बिघडतो. मॅनिफोल्डचा दाब मोजून इंधन ठरवणाऱ्या इंजिनात गळतीच्या हवेलाही इंधन मिळते, त्यामुळे वेग वाढतो. एअर-फ्लो सेन्सरच्या इंजिनात गळतीची हवा मोजलीच जात नाही; मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. अशा वेळी लक्ष्य ८५० वरून ११०० केले, तर दोष झाकला जातो, पेट्रोल जास्त जळते आणि मूळ बिघाड वाढत राहतो. उलट आयडल फार खाली आणला, तर ऑइलचा दाब व चार्जिंग कमी होते आणि सिग्नलला इंजिन बंद पडू शकते. इंजिन बंद झाले की ब्रेक बूस्टरला नवा व्हॅक्यूम मिळत नाही. थोड्याच दाबांनंतर पेडल जड होते.

ट्यूनिंगचा क्रम

१. इंजिन पूर्ण गरम करा. एसी, दिवे, पंखा बंद ठेवा.
२. व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते स्कॅनरवर पाहा. तो पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असेल, तर त्याला दुरुस्तीला जागाच उरलेली नाही. आधी मूळ हवा नीट करा.
३. आता लक्ष्य-तक्ता लावा: थंड इंजिनाला जास्त, गरम झाल्यावर कंपनीच्या मॅन्युअलमधील वेग.
४. आयडलला टायमिंग कमाल टॉर्कच्या बिंदूपेक्षा थोडे मागे ठेवा. तरच वेग पडल्यावर ते पुढे नेऊन टॉर्क वाढवता येईल.
५. चेन्नईच्या उकाड्यात एसी जवळपास कायम चालू असतो. कॉम्प्रेसरचा क्लच लागण्याच्या क्षणभर आधीच हवा वाढवा. वेग पडल्यावर सावरण्यापेक्षा हे सोपे.
६. सुधारणेची तीव्रता शेवटी वाढवा. ती जास्त झाली की वेग वर-खाली होत राहतो; यालाच हंटिंग म्हणतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अनेक जुन्या ईसीयूंचे तक्ते साध्या स्कॅनरने बदलता येत नाहीत. चिप नव्याने लिहावी लागते किंवा वेगळा ईसीयू बसवावा लागतो. तसेच बॅटरी काढल्यावर बऱ्याच ईसीयूंची शिकलेली दुरुस्ती पुसली जाते आणि काही काळ आयडल विचित्र वाटतो. त्याला लगेच बिघाड समजू नका.

शेवटी पीयूसी. भारत स्टेज-२ व ३ च्या पेट्रोल चारचाकींसाठी आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. तुमचे ट्यूनिंग इथेही तपासले जाते.

स्वाध्याय: लक्ष्य ८५० असताना गरम इंजिन १३०० वर अडकले आहे आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे. कोणता आकडा बदलाल, की बदलणारच नाही? कारणासह लिहा.