एमजीबीला पुन्हा क्रोमचा बंपर

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 मध्ये बाहेर पडलेली एमजीबी ही तिच्या काळातल्या सर्वांत लोकप्रिय स्पोर्ट्स गाड्यांपैकी एक. ऑक्टोबर 1980 पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. मात्र 1974 च्या सप्टेंबरपासून तिचा चेहरामोहरा बदलला. ताशी 5 मैल, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर वेगाने धडक बसली तरी दिवे शाबूत राहिले पाहिजेत आणि बंपर ठरावीक उंचीवर हवेत, असे नियम अमेरिकेत आले होते. कारखान्याने क्रोमचे सडपातळ बंपर काढून जाडजूड काळे बंपर बसवले आणि गाडी सुमारे दीड इंच उचलली. या बंपरला सगळे रबरी म्हणतात. प्रत्यक्षात आत पोलादी सांगाडा आणि वर पॉलियुरेथेनचं आवरण असतं.

आजही अनेक मालक असा बंपर काढून क्रोमचा बसवतात. नटबोल्ट सोडायचे आणि नवा बंपर लावायचा, असं हे काम वाटतं. तसं ते नाही, कारण काळ्या बंपरमागचा पत्राच वेगळा आहे. जुन्या गाडीत हेडलाइटखाली मडगार्डातच साइड लाइट आणि इंडिकेटर होते. नव्या गाडीत इंडिकेटर बंपरमध्ये गेले आणि मडगार्डाचा तो भाग बंपर बसण्यापुरता कापला गेला. मागच्या दिव्यांखालचं मडगार्डाचं टोकही असंच छाटलेलं आहे. ग्रिलखालचा पुढचा पडदा तर नव्या गाडीत नाहीच. बंपर उतरवला की या सगळ्या उणिवा उघड्या पडतात.

पुढची बाजू त्यातल्या त्यात सोपी. एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टने जोडलेली असतात, त्यामुळे क्रोम बंपरच्या गाडीची मडगार्डं मिळाली तर सरळ बदलता येतात. जुने बोल्ट मात्र गंजून धरलेले असतात. काचेजवळच्या बोल्टसाठी डॅशबोर्डखालून हात घालावा लागतो. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशीच मारून ठेवावं. जोर लावून बोल्ट तोडण्यापेक्षा एक रात्र थांबणं केव्हाही स्वस्त.

मागची मडगार्डं बॉडीला वेल्ड केलेली असतात. तिथे पत्र्याचा तुकडा जोडण्यावाचून इलाज नाही आणि खरं कसब इथेच लागतं. आधी रंग खरवडून खालचा लखलखीत पत्रा उघडा करायचा. तुकडा जागेवर धरून बंपर, त्याचे ब्रॅकेट आणि दिवा, सगळं एकदा तात्पुरतं लावून पाहायचं. बंपरची वरची कड आणि मडगार्ड यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी दिसली, की मगच कापायची रेघ ओढायची. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. त्यावर सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने तो लाटेसारखा उठतो. म्हणून आधी दूरदूर ठिपके टाकायचे, एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला, आणि मधे पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. हळूहळू ठिपक्यांमधली अंतरं भरत न्यायची. वेल्ड आकसतो आणि पत्रा ओढून घेतो; तो ताण हातोडी आणि मागे धरलेल्या डॉलीने, म्हणजे पोलादी ठोकळ्याने, ठोकून सैल करायचा. दोन पत्रे एकमेकांवर चढवून जोडणं सोपं पडतं, पण त्या सांध्यात पाणी अडकून आतून गंज धरतो. शक्य तिथे कडेला कड लावूनच जोडावं.

पुट्टी शेवटी, आणि पातळ. सुकल्यावर तिच्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवला, की खळग्यात काळं राहतं आणि उंचवट्यावर पत्रा चमकतो. डोळ्यांना न दिसणारी चूक अशी समोर येते. जिथे पत्रा चमकला तिथे पुट्टी घासत बसू नये, पत्राच ठोकून खाली बसवावा.

या सगळ्याआधी दारांखालच्या सिल तपासाव्यात. एमजीबीला आधीच्या एमजीएसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते आणि टप नसलेल्या गाडीत त्याचा मोठा वाटा सिलवर येतो. त्या कुजल्या असतील आणि आधार न देता कापल्या, तर गाडी मधून वाकते आणि दार बंद होईनासं होतं. दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार जोडून, फटी मोजूनच त्यांना हात लावावा.

क्रोमच्या बाबतीत दर्जा बाहेरून कळत नाही. वर दिसणारा क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. गंज रोखण्याचं मुख्य काम त्याखालचं निकेल करतं. निकेल कमी दिलेला स्वस्त बंपर थोड्याच पावसाळ्यांत तांबूस ठिपके दाखवतो. जुना बंपर पुन्हा क्रोम करून घ्यायचा असेल तर तो आधी गाडीवर बसवून पाहावा, कारण क्रोम चढल्यावर वाकवला तर थर तडकतो. बाजूच्या चकचकीत पट्ट्यांच्या क्लिपांसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड रंगाने बुजवावी आणि मागून मेण फवारावं. दारांना गंज बरेचदा इथूनच लागतो.

बंपर बदलला आणि गाडी उंचच राहिली तर सारं काम अर्धवट दिसतं. पुढे बुटक्या स्प्रिंगा आणि मागे ॲक्सल व पाट्यांच्या मधे ठोकळे घालून ती खाली आणता येते. उंची वाढवली तेव्हा कारखान्याने पुढचा अँटी-रोल बारही ठरलेल्या सामानातून काढला होता, आणि गाडी वळणावर फार कलू लागली. 1976 मध्ये तो परत आला, मागेही एक जोडला गेला. तुमची गाडी मधल्या काळातली असेल तर क्रोमवर पैसे घालण्याआधी तो बार बसवून घ्या.

आणि काढलेले काळे बंपर, त्यांचे ब्रॅकेट, मूळ मडगार्डं भंगारात देऊ नका. फेरफार न केलेल्या रबरी बंपरच्या गाड्याही आता इतिहासाचा भाग आहेत. पुढच्या मालकाला कदाचित तीच गाडी हवी असेल.