खाऱ्या पाण्याचं घर – लेखांक ९ : समुद्रपुष्प हलवताना

मागच्या आठवड्यात पंप कुठे बसवायचे ते पाहिलं. तो विषय मुद्दाम आधी घेतला, कारण घरच्या टँकमध्ये समुद्रपुष्पाचे जे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात त्यांत दोन प्रकार फार दुःखद आहेत. एकात ते सरकत सरकत पंपाच्या तोंडाशी जातं आणि चिरडलं जातं. दुसऱ्यात मालकच त्याला जागेवरून उपटतो.

समुद्रपुष्प, म्हणजे आपण छंदी लोक ज्याला ॲनिमोनी म्हणतो ते, दिसायला फूल असलं तरी प्राणी आहे आणि तो चालतो. त्याच्या तळाशी असलेल्या चपट्या चकतीला पाय म्हणतात. त्या पायातल्या स्नायूंनी आणि चिकट स्रावाने ते दगड धरून राहतं. शरीरात हाड नाही, कवच नाही. पोटाच्या पोकळीत भरून घेतलेलं पाणी हाच त्याचा आधार. म्हणून त्याला पाण्याबाहेर काढलं की ते आक्रसून गोळा होतं. चिकटलेला पाय ओढला तर तो सुटण्याआधी फाटतो. लहानशी चीर भरून येते; मोठ्या जखमेत जिवाणू शिरतात आणि काही दिवसांत प्राणी सडायला लागतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे : पाय त्याने स्वतः सोडला पाहिजे.

त्याआधी हलवायची खरंच गरज आहे का, ते बघावं. नवं आणलेलं समुद्रपुष्प पहिले काही दिवस भटकतं, ते जागा शोधत असतं. बबल टिप जातीच्या समुद्रपुष्पाला खडकाच्या फटीत पाय खोल रोवायला आवडतं, म्हणजे धोका वाटला की अंग आत ओढून घेता येतं. हॅडनचं कार्पेट पाय वाळूत पुरतं. मॅग्निफिका उंच, उजेडाच्या आणि प्रवाहाच्या जागी बसतं. या सगळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि उजेडावर अन्न तयार करतात, त्यामुळे प्रकाश कमी पडला तरी ते उठून निघतं. मनासारखी जागा टँकमध्ये नसेल तर तुम्ही दहा वेळा उचलून ठेवलंत तरी ते दहा वेळा चालू लागेल. अशा वेळी जागा बदलायच्या आधी दिवा, प्रवाह आणि फटी तपासाव्यात. हलवायचं ते पंप किंवा हीटर जवळ आला असेल, शेजारच्या प्रवाळाला डंख बसत असेल, किंवा टँकच रिकामा करायचा असेल तर.

सगळ्यांत सुरक्षित उपाय म्हणजे त्याला सोडवायचंच नाही; ते ज्या दगडावर बसलंय तो दगडच हलवायचा. ही युक्ती जुनी आहे. १८५० च्या दशकात फिलिप हेन्री गॉस इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर छिन्नी-हातोडी घेऊन जात आणि समुद्रपुष्प दगडाच्या तुकड्यासकट काढत. त्यांच्या पुस्तकांनी मत्स्यालयांचं वेड पसरलं आणि लोकांनी त्या किनाऱ्यांवरची डबकी ओरबाडून नेली. मुलगा एडमंड गॉस याने १९०७ च्या आत्मचरित्रात त्याची खंत लिहून ठेवली आहे. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला समुद्रपुष्पं दिसतात, ती पाहावीत आणि तिथेच ठेवावीत.

दगड हलत नसेल तर त्याची त्या जागेवरची मर्जी उडेल असं करावं. छोट्या पंपाचा सौम्य झोत थेट पायाकडे वळवावा, वर सावली करावी. पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा दगडाच्या मागच्या बाजूला पायाजवळ धरला तरी पुष्कळदा पाय सैल होतो. याला तास लागतात, कधी दिवस. काचेवर बसलं असेल तर काम सोपं : बोटाचं टोक किंवा मऊ प्लास्टिकचं कार्ड पायाच्या एका कडेखाली हलकेच सरकवत जायचं. त्याने आवळून धरलं की थांबायचं आणि सैल झालं की पुन्हा सुरू करायचं.

हात घालण्यापूर्वी पंप बंद करा आणि पावडर नसलेले हातमोजे घाला. डंखपेशी तुमच्या हातालाही लागतात. त्याच हाताने डोळे चोळू नका. सुटलेलं समुद्रपुष्प हवेत लोंबकळत न उचलता पाण्याखालीच भांड्यात घ्यावं. ते भांड्यालाही चिकटतं, म्हणून तळाशी एक लहान दगड ठेवावा. त्यावर बसलं तर पुढची फेरी सोपी जाते. दुसऱ्या टँकमध्ये न्यायचं असेल तर तापमान आणि क्षारता जुळवून घ्या. विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास हवी, आणि नवं पाणी थेंबाथेंबाने तासभर तरी मिसळावं. ज्या टँकमध्ये माशांसाठी तांब्याचं औषध वापरलंय तिथे ते ठेवूच नये.

नव्या जागी पाय फटीकडे करून ठेवा. धरून बसेपर्यंत पंप बंद किंवा अगदी मंद असू द्या, आणि ते सुरू करण्याआधी त्यांच्या तोंडावर स्पंज किंवा जाळी लावा. पहिले दोन-तीन दिवस खायला घालू नका. तंतू फुलले आणि चिकट लागले की कोळंबीचा बारीक तुकडा पुरे.

मध्येच ते आक्रसेल, तपकिरी चोथा टाकेल. त्यात काळजीचं काही नाही. बघायचं ते तोंड. ते मिटलेलं असेल तर वाट पाहा. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत, एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात, १८८७ पर्यंत जगलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. नीट हाताळलं तर या प्राण्याची चिवटाई एवढी आहे. पण तोंड वासलेलं राहिलं, आतला भाग बाहेर लोंबू लागला आणि कुजका वास आला, तर त्याच दिवशी बाहेर काढा, पाणी बदला आणि अमोनिया तपासा. सडणारं समुद्रपुष्प लहान टँकमधल्या माशांनाही घेऊन जातं.

पुढच्या आठवड्यात : क्लाउनफिश आणि समुद्रपुष्पाची जोडी जमवताना.