दिवस भरायच्या आधी बाळ आलं तर…



मागच्या श्रावणातली गोष्ट. मासिक बैठक चालू होती. गटाच्या कोषाध्यक्ष ताई भिंतीला टेकून वही लिहीत होत्या. आठवा महिना लागलेला. लिहिता लिहिता मधेच थांबायच्या, कंबरेवर हात ठेवायच्या, मग पुन्हा लिहायच्या. कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "कालपासून कंबर धरतीय अन् सोडतीय." एक मावशी म्हणाल्या, "वायू आसंल, ओव्याचं पाणी घे." सगळ्या हसल्या. मी पण हसले. मी समाजकार्य शिकलेली, आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष थकलेल्या हप्त्यांवर होतं.

त्याच रात्री दीडच्या सुमारास ताईंचं पाणी गेलं. मालक बाहेरगावी कामाला. दवाखान्याचं कार्ड माहेरी राहिलेलं. फोनला चार्जिंग नाही. घरात रोख शंभर-दोनशे रुपये. सासूबाईंनी शेजारच्या पोराला उठवून १०८ ला फोन लावायला सांगितला. पहाटे बाळ झालं. ३३ आठवडे, वजन १ किलो ६०० ग्रॅम. ते बाळ एकोणीस दिवस दवाखान्यात होतं. आता छान आहे, बैठकीत येऊन माझी पेनं पळवतं. पण त्या रात्रीची धावपळ ताईंच्या सासूबाईंनी मला सांगितली, तेव्हा मला वाटलं की हे आपल्या अंकात लिहायलाच पाहिजे. लवकर येणारं बाळ सांगून येत नाही. तयारी मात्र सातव्या महिन्यातच करून ठेवता येते.

आधी हिशोब समजून घेऊ. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी झालेलं बाळ म्हणजे कमी दिवसांचं बाळ. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख आणि सोनोग्राफीतली तारीख दोन्ही कार्डावर लिहिलेल्या असाव्यात. "होळीच्या आसपास चुकली होती" एवढ्यावर डॉक्टरांना आठवडे काढता येत नाहीत, आणि उपचार आठवड्यांवर ठरतात.

आपल्याकडं एक म्हणणं सगळ्यांच्या तोंडी आहे, की सातव्यातलं बाळ जगतं अन् आठव्यातलं जगत नाही. हे खरं नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाची फुप्फुसं, मेंदू आणि अंगावरची चरबी वाढवतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्तच तयार असतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या ताईंना दवाखान्यात भेटायला आलेल्या एका बाईंनी बाळाकडं बघून हेच वाक्य टाकलं होतं. ताई दोन दिवस जेवल्या नाहीत. अशी भेट नको गं बायांनो.

आता लक्षणं. पोट तासाभरात चार-पाच वेळा दगडासारखं कडक होऊन पुन्हा सैल पडणं. कंबर थांबून थांबून दुखणं, म्हणजे ताई म्हणाल्या तसं धरणं अन् सोडणं. ओटीपोट खाली ओढल्यासारखं जड वाटणं. पाणी जाणं, थोडं थोडं गळत असलं तरी. अंगावरून रक्त जाणं. यातलं एकही असलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. खोटी कळ निघाली अन् परत यावं लागलं तर चालेल, कुणी हसणार नाही.

घाई करायचं मोठं कारण एक इंजेक्शन आहे. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या, तर २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. बारा-बारा तासांनी चार. त्यानं पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि जन्मल्यावर श्वास घ्यायला बळ मिळतं. पण औषधाला काम करायला वेळ लागतो. आई कळा सहन करत घरी बसली, तर तो वेळच हातातून जातो. दवाखान्यात गेल्यावर "किती आठवडे झाले" हे आपणहून आधी सांगायचं.

दुसरी गोष्ट, जायचं कुठं. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र नेहमीच्या बाळंतपणाला चांगलं, पण कमी दिवसांच्या बाळाला नवजात शिशू कक्ष लागतो. त्याला एसएनसीयू म्हणतात. तो जिल्हा रुग्णालयात आणि काही मोठ्या दवाखान्यांत असतो. आपल्याला सगळ्यात जवळचा कुठं आहे, हे आशाताईला आजच विचारून ठेवा आणि कार्डाच्या मागं लिहा. शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच आईनं तिथं पोचावं. बाळाला न्यायला आईच्या पोटाइतकी उबदार गाडी दुसरी नाही. फोन १०८ ला करायचा, गरोदर बाईसाठी १०२ पण आहे. रात्री गाडी उशिरा येते असं वाटत असेल, तर गावात कुणाची जीप मिळेल, हे नवरा घरी असतानाच बोलून ठेवायचं.

कोणाला जास्त जपायचं? आधीचं बाळ लवकर झालेलं असेल, जुळं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, रक्त कमी असेल, लघवीला जळजळ किंवा अंगावरून घाण वास येणारं पाणी जात असेल, दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल. आणि मिश्री. मला माहितीय, हे वाचून काही जणी पान उलटतील. पण तंबाखूची मिश्री दाताला लावली तरी तंबाखू रक्तात जातो, आणि बाळ लवकर व लहान होण्याशी त्याचा संबंध आहे. निदान पोटुशी असताना डबी सासूबाईंकडं देऊन टाका. सासूबाई पण लावत असतील, तर दोघी मिळून सोडा.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी वेगळं सांगते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, तेव्हा कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि गोळ्या सोबतच न्यायच्या. गावी पेटीत ठेवून जायचं नाही. कारखान्याच्या गावात पोचल्यावर तिथल्या आशाताईला पहिल्या आठवड्यात गाठायचं. आपली आशाताई फोनवर तिच्याशी बोलू शकते.

आता पिशवी. आपल्याकडं बाळ व्हायच्या आधी नवे कपडे आणत नाहीत. ठीक आहे, नवं आणूच नका. जुनंच बरं. मऊ झालेल्या सुती साडीची सहा-सात दुपटी फाडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवा. शेजारणीच्या बाळाची लहान झालेली टोपडी, पायमोजे, लंगोट मागून घ्या. कमी दिवसांच्या बाळाचं डोकं मोठ्या लिंबाएवढं वाटतं हो, नेहमीचं टोपडं नाकावर येतं, म्हणून छोटं लागतं. आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन किंवा मालकांचे जुने शर्ट, बाळ छातीशी बांधायला दोन-अडीच मीटरचं सुती कापड, पॅड, स्टीलची वाटी-चमचा, चार्जर. कागदांत माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक. हे सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी कुठल्या खुंटीला आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत पाहिजे. आमच्या ताई कळा देत होत्या अन् सासूबाई पेटीत कागद शोधत होत्या.

आणि समजा, गाडी यायच्या आधीच घरात किंवा रस्त्यात बाळ झालं? लगेच कोरडं पुसायचं, ओलं कापड काढून टाकायचं, डोक्याला टोपडं घालायचं आणि उघड्या अंगानं आईच्या छातीवर ठेवून वरून दोघांना गोधडी. आंघोळ अजिबात नाही. लहान बाळ थंडीनं जितकं लवकर खचतं तितकं भुकेनंही खचत नाही.

नवजात कक्षात पहिल्यांदा बघितलं की छाती धडधडते. नाकात नळी, पायाला वायर, कावीळ असली तर डोळ्यांवर पट्टी अन् निळा दिवा. हे बघून सासूबाईंनी "माझ्या नातवाला बांधून ठेवलंय" म्हणून रडून घेतलं होतं. सिस्टरला विचारायचं की कुठली नळी कशाला आहे. विचारायला लाजायचं नाही. ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एका तालात जमत नाही, म्हणून त्याला नळीनं किंवा वाटी-चमच्यानं दूध देतात. त्याला दूध नको आहे असा अर्थ नाही.

इथं आईचं सगळ्यात मोठं काम सुरू होतं. बाळ जवळ नसलं तरी पहिल्या काही तासांतच दूध हातानं काढायला लागायचं. हात साबणानं धुवायचे. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागं धरून छातीकडं दाबायचं, मग हलकेच पिळायचं. दर दोन-तीन तासांनी, रात्री सुद्धा, दिवसातून किमान आठ वेळा. पहिल्या दिवशी चार थेंब चीक निघाला तरी तो सिस्टरकडं द्या, फेकू नका. त्या चार थेंबांनी बाळाला रोगाशी लढायची ताकद मिळते. दूध आलंच नाही तर काही मोठ्या दवाखान्यांत दूधपेढी असते, तिथं दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, उष्णता देऊन ठेवलेलं असतं. आशियातली पहिली दूधपेढी आपल्याच मुंबईत, सायनच्या रुग्णालयात, १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

दुसरं काम कांगारू पद्धत. ही १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथं काचपेट्या पुरत नव्हत्या, मग डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीला बांधली. बाळाला फक्त लंगोट, टोपडं, मोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला आणि किंचित वर, नाक मोकळं. वरून कापडानं बांधायचं. एका वेळी किमान तासभर, आणि दिवसभरात जितके जास्त तास जमतील तितके. आईला जेवायला, आंघोळीला जायचं असेल तेव्हा बाप, आजी, मावशी कुणीही घेऊ शकतं. आमच्या ताईंचे मालक चौथ्या दिवशी आले आणि शर्टाची बटणं सोडून बाळ छातीशी घेऊन बसले. वॉर्डातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, पण तिसऱ्या दिवसापासून आणखी दोन बाप बसायला लागले.

सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधं, रक्त, आणि घरी सोडायची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. २०११ पासून. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर आधी आशाताईला किंवा मला फोन करा. तरीही खर्च होतोच. सोबतच्या माणसाचं जेवण, ये-जा, बुडालेली मजुरी. ताईंच्या घरचे एकोणीस दिवसांत साडेसहा हजार गेले, त्यातले चार हजार सावकाराकडून आणलेले. कोषाध्यक्ष बाईला सावकाराकडं जावं लागलं, कारण गटाची पेटी त्यांच्याच घरात होती पण कर्जाला ठराव नव्हता आणि त्या नियमानं चालणाऱ्या. याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून माझं म्हणणं असं, की गटात कुणालाही सातवा महिना लागला की त्या महिन्याच्या बैठकीतच बाळंतपणाच्या अडचणीसाठी अमुक इतक्या अंतर्गत कर्जाचा ठराव आधी लिहून ठेवा. गरज पडली की दोघींच्या सहीनं रात्रीतून पैसे मिळतील. ग्रामसंघाकडं जोखीम निधी आहे, त्याचीही चौकशी करा. आणि बाळ दवाखान्यात असलेल्या बाईला गैरहजेरीचा दंड लावू नका. एका गटानं लावला होता. नियम सगळ्यांना सारखा हे खरं, पण ती बाई फिरायला गेलेली नव्हती.

घरी आल्यावरचं थोडक्यात. कांगारू पद्धत बाळ अडीच किलोचं होईपर्यंत चालू ठेवायची. पाचवीला, बारशाला गर्दी नको. बारसं दोन महिन्यांनी केलं तरी नाव तेच राहतं. मध, गुटी, पाणी काही नाही, फक्त आईचं दूध. कानात-नाकात तेल नाही, काजळ नाही. शेक-शेगडीची धुरी बंद खोलीत तर मुळीच नाही, त्या धुरानं जीव जाऊ शकतो. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, तिला वजन करू द्या. बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा फार गरम, श्वास जोरात, छाती आत ओढली जातेय, तळपाय पिवळे, झटके, किंवा नुसतंच मलूल पडलंय, तर लगेच दवाखाना.

एक तपासणी बऱ्याच जणी विसरतात, ती डोळ्यांची. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आधी झालेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. फार लहान बाळाचा त्याहून आधी. बाहेरून डोळे छान दिसतात, म्हणून आपण जात नाही, आणि वेळ गेली तर नजर जाऊ शकते. सुट्टी मिळतानाच तारीख लिहून घ्या. कानाची तपासणी पण विचारा.

बाळ उशिरा पालथं पडलं म्हणून घाबरू नका. दोन महिने आधी आलेल्या बाळाच्या वयातून वाढ बघताना दोन महिने वजा करायचे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

ज्या गटात सातवा महिना लागलेली ताई असेल, त्या सचिवांनी मला या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कळवा. मी बैठकीला कापडाची बाहुली आणि ओढणी घेऊन येते, बांधून दाखवते. सासूबाईंनाही बोलवा. आमच्या कोषाध्यक्ष ताईंच्या सासूबाई सोबत येणार आहेत, आणि खरं सांगायचं तर बाहुली त्या माझ्यापेक्षा चांगली बांधतात.